चालत घरी गेला तो किरकोळ

उपसंपादक नेमकं काय करतो, हे मी माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. "तुम्ही बातम्या आणता?" नाही. "छापता?" तेही नाही. "मग दिवसभर करता काय?" आणलेली बातमी छापण्याजोगी करतो, असं मी सांगायचो. त्यावर ते नुसतं "हं" म्हणायचे, आणि जावयाबद्दलचं त्यांचं सगळं मत मला त्या एका "हं"मध्ये कळायचं.

सांगलीतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी तेहतीस-चौतीस वर्षं काढली. डेस्क म्हणजे फार मोठं काही नाही. एक लांब टेबल, त्याभोवती सहा खुर्च्या, त्यातल्या चार धड. सातारा, कराड, तासगाव, जत इकडच्या वार्ताहरांच्या बातम्या तिथं यायच्या, आणि दिल्ली-मुंबईच्या बातम्या वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत यायच्या. आम्ही त्या मराठीत आणायच्या, कापायच्या, मथळा द्यायचा, पानात बसवायच्या. एका बातमीला दहा मिनिटं मिळाली तर चैन झाली म्हणायची. दहा मिनिटांत माणूस विचार करत नसतो, हाताला सवयीचा असेल तो शब्द उचलतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी 'तुमच्या गाजलेल्या बातम्यांवर लिहा' म्हणून फोन केला. अहो बाई, गाजतात त्या वार्ताहरांच्या बातम्या. उपसंपादकाच्या नावावर फक्त चुका लागतात. तेव्हा चुकीबद्दलच लिहितो.

शस्त्रचाचणीची बातमी आली की आमच्या डेस्कवर सणासारखं व्हायचं. तोफ असो, क्षेपणास्त्र असो, बॉम्ब असो, साचा ठरलेला. 'यशस्वी चाचणी', 'लक्ष्याचा अचूक वेध', 'देशाच्या भात्यात आणखी एक बाण'. क्षेपणास्त्र नेहमी आकाशात 'झेपावायचं'. ते खाली कुठं पडलं, पडलं तिथं काय झालं, हे मी पहिल्या तीस वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. वरून येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकातच शब्द असे धुऊन-पुसून यायचे, की त्यात शस्त्र शोधून सापडायचं नाही. 'प्रणाली' असायची, 'क्षमता' असायची, 'भार वाहून नेण्याची ताकद' असायची. भार म्हणजे स्फोटकं, पण वाचणाऱ्याला वाटावं, उसाची ट्रॉली चाललीय कारखान्याला.

आणि हे सगळं कौतुक फक्त आपल्या चाचणीचं, बरं का! तेच काम दुसऱ्या देशानं केलं की आमचे शब्द बदलायचे. 'खोडी', 'खुमखुमी', 'पुन्हा डागले'. आपण चाचणी 'घेतो', ते 'डागतात'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. गैरसमज नको. देशाला शस्त्रं लागतात, ती तपासून घ्यावी लागतात, एवढं मला कळतं. माझं भांडण शस्त्रांशी नाही, माझ्याच शब्दांशी आहे.

कराडकडचे आमचे वार्ताहर बाबर म्हणजे जुने पैलवान. त्यांनी एकदा क्षेपणास्त्राच्या बातमीची निकाली कुस्तीच करून टाकली. समुद्रातल्या लक्ष्याला म्हणे 'अवघ्या काही सेकंदांत आस्मान दाखवले'. मी ते कापलं तर फोनवर तणतणले, "आवं शिकलगार, लोकास्नी कळाय नको व्हय?" आणि तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी होता. प्रत्येक चाचणीनंतर त्याची अभिनंदनाची जाहिरात ठरलेली. मागं क्षेपणास्त्र, पुढं हा हात जोडून उभा. बघणाऱ्याला वाटावं, यानंच काडी लावली.

आता हसतो मी, पण माझंही काही निराळं नव्हतं. खरं सांगायचं तर माझं जास्तच होतं. असल्या बातमीत माझ्यासारख्या मुसलमान उपसंपादकाचा हात जरा जरी आखडला तर कुणी काही बोलेल, ही धास्ती मनात असायची. माझे सहकारी देवमाणसं, कधी कुणी चकार शब्द काढला नाही. पण धास्तीला पुरावा लागतो थोडाच! म्हणून बाकीचे एक चमचा तूप ओतत असतील तर मी तीन ओतायचो.

आता आमच्या डेस्कचा एक नियम सांगतो. आमच्या भागात जत्रा फार, बैलगाड्यांच्या शर्यती फार, शिवाय मधून महामार्ग गेलेला. जखमींची बातमी नाही असा दिवस नाही. वार्ताहर फोनवर सांगणार, पाच जणांना लागलंय. किती लागलंय ते कोण बघायला जाणार? तेव्हा आमच्या आधीच्या पिढीनं सोपी ओळख ठरवून ठेवली होती. दवाखान्यात ठेवून घेतला तो गंभीर, चालत घरी गेला तो किरकोळ. मी रुजू झालो त्याच आठवड्यात मला हे शिकवलं, आणि पुढं मी दहा-बारा जणांना शिकवलं. नियम चोख आहे असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं.

मी निवृत्त व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. दूरच्या एका सरावभूमीवर नव्या अस्त्राची चाचणी झाली. बातमी आली, मी तूप ओतलं, मथळा दिला 'स्वदेशी अस्त्राचा अचूक वेध'. पान लावत असतानाच बाबरांचा फोन आला.

"त्या चाचणीच्या तुकडीत आपला माणूस हाय. सुभेदाराचा हणमंत. त्याला तिथं जरा लागलंय म्हणत्यात."

"दवाखान्यात ठेवलाय?"

"न्हाई न्हाई. चालत बराकीत गेलाय."

झालं! बातमीच्या शेवटी मी ओळ जोडली, 'या चाचणीत सहभागी झालेले कराड तालुक्यातील जवान हणमंत हे किरकोळ जखमी झाले.' चहा प्यायलो आणि विसरलो.

आठ-नऊ महिन्यांनी, एका दुपारी, एक जोडपं डेस्कसमोर येऊन उभं राहिलं. तो पस्तिशीचा, ताठ, केस फौजी पद्धतीनं कापलेले. ती त्याच्याहून थोडी लहान, हातात प्लास्टिकची पिशवी. मी "बसा" म्हटलं. ती बसली, तो उभाच. तिनं त्याची बाही ओढली, तेव्हा बसला.

तिनं कात्रण टेबलावर ठेवलं. "ही बातमी कुणी लिवली?"

"बातमी कार्यालय लिहितं," मी म्हणालो. "तक्रार काय आहे?"

"ह्यांना ऐकू येत न्हाई. दोन्ही कान गेलंत. त्याच दिवशी गेलंत. आन तुमी लिवलंय किरकोळ."

तिचं नाव सुनंदा. पुढचं सगळं तिनं एका दमात सांगितलं. सासरे निवृत्त सुभेदार, आमच्या पेपरचे जुने वाचक, जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. त्यांनी हीच बातमी कापून पाकिटात ठेवली होती. मुलगा फौज सोडून घरी आला, ऐकू येत नाही म्हणाला, तेव्हा म्हाताऱ्यानं पाकीट काढलं. पेपरात तर किरकोळ म्हटलंय. मग तू घरी का आलास? सोंग करतोस? पळून आलास? तेव्हापासून बोलणं टाकलेलं.

"आन गावात?" सुनंदा म्हणाली. "चांगली मिशावाली माणसं मागनं येऊन टाळी वाजवत्यात. वळतंय का बघाय."

"पण सैन्यानं कागद दिला असेल की."

"दिलाय. पेन्शन दिली, इलाज केला, त्यांचं काय वाकडं न्हाई. पन कागूद इंग्रजीत. मामंजी म्हणत्यात, कागूद कुणीबी आणतंय, पेपर सगळं गाव वाचतंय. ह्यांना ऐकू येत न्हाई आन मामंजी बोलत न्हाईत. सांगा, मी काय करू?"

हणमंत इतका वेळ आमच्या तोंडाकडं बघत होता. एकाएकी तो बोलला, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं इतकं मोठ्यानं बोलला, की सगळा डेस्क थांबला.

"लक्ष्य म्हंजे काय असतंय, ठाऊक हाय का तुमास्नी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"खोली हुती. आमीच बांधली, चार दिस लागलं. मी फौजेत जायच्या आदी गवंड्याच्या हाताखाली हुतो. म्हनून तिला मी खिडकी ठिवली." त्यानं दोन्ही हातांनी खिडकीचं माप दाखवलं. "कुणी सांगितलं न्हवतं. खोलीला खिडकी असती, म्हनून ठिवली. मागनं बघाय गेलो, तर एक धड वीट घावली न्हाई. त्यालाच तुमी अचूक वेध लिवलंय."

"आणि कान?" मी बोटानं विचारलं.

"एक गोळा ठरल्यापरीस अलीकडं फुटला. रगात न्हाई, जखम न्हाई. चालत बराकीत गेलो. समोरचा बोलत हुता, त्याचं तोंड हलताना दिसत हुतं. मला वाटलं, त्याचाच आवाज बसलाय."

त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. ती नाही वाटली. मला मिरच्या झोंबल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत समोर बसून कुणी माझा शब्द माझ्या तोंडावर फेकला नव्हता. मी म्हणालो, "हे बघा, आम्ही आमच्या नियमानं लिहिलं. इतक्या जुन्या बातमीची दुरुस्ती आम्ही छापत नाही."

सुनंदा उठली. सैन्याच्या वैद्यकीय कागदाची नक्कल आणि फोन नंबर तिनं टेबलावर ठेवला. "तुमी लिवलाय, तुमीच काढा. दुसऱ्या कुणाच्या हातनं त्यो शब्द निघायचा न्हाई."

रविवारी सुट्टी. मी थोरल्या भावाच्या दुकानात जाऊन बसलो. आमचा पिढीजात धंदा धार लावायचा, शिकलगार नाव त्यावरूनच. भाईजान अजून चाक फिरवतात. ऊसतोडणीचे कोयते, विळे, खाटकाच्या सुऱ्या, टेलरच्या कात्र्या. एक बाई कोयता न्यायला आली. अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून तिनं बघितलं आणि म्हणाली, "आगं आई, काय धार लावलीया!"

भाईजान खेकसले, "कौतुक नको. धार हाय. उसाबरोबर बोट बी जातंय. जपून न्या." आणि मूठ तिच्याकडं करून कोयता दिला.

हे मी लहानपणापासून हजारदा बघितलंय. आमच्या घरात धारेचं कौतुक करायचं नाही, असा दंडक आहे. ती काय कापेल तेवढं सांगायचं आणि मुठीकडून द्यायचं. गिऱ्हाईक कितीही खूश झालं तरी शिकलगार "वा" म्हणत नाही. मी जन्मलो त्याच घरात, आणि तीस वर्षं काय केलं? दिसेल त्या पात्याला "वा वा" म्हणत लोकांच्या हातात पात्याकडून दिलं. तेव्हा मात्र मला माझी खरोखर लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, ते दगडाची भुकटी गेली म्हणून पुसलं.

भावाला सगळं सांगितलं. चाक न थांबवता ते म्हणाले, "मग मला काय सांगतोस? ज्याचं बोट कापलंय त्याच्याकडं जा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कराडच्या पुढं त्यांच्या गावाला गेलो. सुभेदार सोप्यात, घराच्या पुढच्या ओसरीवर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, दाढी गुळगुळीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. हणमंत मागं वैरण कापत होता. मी ओळख सांगितली, तर म्हातारा खूश! सुनेला चहा टाकायला सांगितला. मी म्हणालो, "चहा नंतर. हणमंतरावांची बातमी मी लिहिली."

"चांगली लिवलीया."

"चुकीची लिहिलीय."

त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना आमचा नियम सांगितला. चालत घरी गेला तो किरकोळ.

"तुमी सोता बघितलं न्हवतं?"

"नाही."

"डाक्टरला इचारलं?"

"नाही."

"मंग हुता कुठं?"

"सांगलीत. पंख्याखाली."

म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाला, "फौजेत असला रिपोर्ट दिला असता, तर कोर्टमार्शल झालं असतं तुमचं."

"व्हय," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा जरा हलला असं मला वाटलं, पण गडी पक्का. "आन ह्ये मला एकट्याला सांगून काय उपेग? गावानं छापलेलं वाचलंय. तुमी आज आसं म्हणताय, उद्या तसं म्हणाल. खरं असंल तर छापा." चहा आला. तो पिऊन मी सांगलीची गाडी धरली.

मी संपादकांसमोर जाऊन उभा राहिलो. आमचे संपादक म्हणजे फणस, वरून काटे. "शस्त्रचाचणीच्या बातमीला दुरुस्ती? शिकलगार, लोक काय म्हणतील?"

"साहेब, लोक काय म्हणतील, हीच भीती मला तीस वर्षं आहे," मी म्हणालो. "माझ्या आडनावाला कुणी काही म्हणेल म्हणून मी गोड गोड लिहीत गेलो, आणि एका बहिऱ्या माणसाला त्याच्या बापासमोर ढोंगी ठरवलं. आता म्हणू देत ज्याला म्हणायचं ते."

हे मी पहिल्यांदाच कुणाला बोलून दाखवलं. साहेबांनी वैद्यकीय कागद ओढून घेतला, सगळा वाचला, उलटून पुन्हा वाचला. "चार ओळी," ते म्हणाले. "कागदात आहे तेवढंच. आणि पहिल्या पानावर नाही."

मी जागचा हललो नाही.

"मूळ बातमी कुठल्या पानावर होती?"

"पहिल्या."

"च्यायला! मग घाल तिथंच."

रोज दहा मिनिटांत बातमी उडवणाऱ्या मला त्या चार ओळींना दोन तास लागले. नाव-गाव देऊन लिहिलं, 'शस्त्रचाचणीच्या बातमीत जवान हणमंत किरकोळ जखमी झाल्याचे आम्ही छापले होते. ते खोटे होते. स्फोटाने त्यांचे दोन्ही कान कायमचे गेले आहेत. आम्ही न बघता आणि न विचारता तो शब्द लिहिला.' साहेबांनी 'खोटे' शब्दावर पेन टेकवलं, आणि न खोडता उचललं.

ते छापून आलं त्या दिवसाचं शेवटी सांगतो. त्यानंतर डेस्कवर काय झालं ते आधी. आमचा तो नियम मी स्वतः मोडीत काढला. आता फोनवर आम्ही विचारायचो, दिसतंय का, ऐकू येतंय का, हात-पाय चालतात का. चाचणीची बातमी आली की बाबर त्यांच्या ओळखीच्या जुन्या तोफखान्यातल्या माणसाला फोन लावायचे आणि विचारायचे, हे पडतं तिथं काय होतं? उत्तराची एक ओळ बातमीत घालायची. एकच ओळ. 'हे पडते तिथे खोलीची एक वीटही धड उरत नाही' अशी ती पहिल्यांदा घातली तेव्हा बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं फोन करून झाडलं, "शुभ कार्यात अपशकुन कशाला?" पण एका शिक्षिकेचाही फोन आला. शाळेत परिपाठाला बातमी वाचली, आणि मुलांनी टाळ्या वाजवण्याआधी, त्या खोलीत कुणी नव्हतं ना, असं विचारलं म्हणे. एवढं विचारलं तरी मला पुष्कळ झालं. आज त्या डेस्कवर जतची एक मुलगी मुख्य आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली. ती ती ओळ कापू देत नाही. 'झेपावले' तर तिनं हद्दपारच केलंय. 'सोडले' लिहिते, 'पडले' लिहिते. तिची बातमी वाचली की मला बरं वाटतं.

आता तो दिवस. सकाळपासून मी फोन समोर ठेवून बसलो होतो. बाबरांचा आला, दोन वाचकांचे आले, गावाकडून काही नाही. दुपार झाली. मला वाटलं, केलं ते पाण्यात गेलं. म्हातारा हट्टी, चार ओळींनी काय होणार? तीनच्या सुमाराला सुनंदाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली-वर काही लिहिलेलं नव्हतं.

फोटो आमच्याच पेपरच्या पहिल्या पानाचा होता. त्या चार ओळींभोवती जाड रेघ मारलेली. आणि शेजारी पानाच्या कोऱ्या कडेला, म्हाताऱ्या हाताच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'जेवलास का रं?'

त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, 'न्हाई आबा.'

आणि त्याच्या खाली पुन्हा ते थरथरतं अक्षर, 'चल. मीबी न्हाई.'